प्रार्थना की दबाव? गर्भपात केंद्रांसमोरील कॅथलिक जागराची कहाणी

हातात जपमाळ घेऊन गर्भपात केंद्राच्या फाटकासमोर शांतपणे उभे राहणाऱ्या कॅथलिक भाविकांचे दृश्य अमेरिकेत गेल्या काही दशकांत परिचयाचे झाले आहे. भाविकांच्या दृष्टीने ही प्रार्थना आहे, तर आत जाणाऱ्या अनेक स्त्रियांना तो दबाव वाटतो. या दोन अनुभवांमधून रेषा आखण्याचे काम अमेरिका आणि ब्रिटनमधील न्यायालये व कायदेमंडळे करीत आहेत. या जागराचा उगम, त्याची रीत आणि त्याभोवतीचा वाद यांचा हा आढावा.

ठरलेल्या दिवशी सकाळी चर्चमध्ये मिस्सा होतो. त्यानंतर ग्वादालूपेच्या मातेची प्रतिमा पुढे धरून भाविकांची मिरवणूक निघते आणि परिसरातील गर्भपात केंद्रापर्यंत चालत जाते. तेथे समोरच्या पदपथावर उभे राहून जपमाळेचे पंधरा दशक म्हटले जातात, म्हणजेच 'नमो मरिया' ही प्रार्थना दीडशे वेळा होते. प्रार्थना चालू असताना एखाद-दुसरा कार्यकर्ता फाटकाजवळ उभा राहून येणाऱ्या स्त्रीशी हळू आवाजात बोलण्याचा प्रयत्न करतो. जपमाळ संपली की मिरवणूक त्याच मार्गाने चर्चमध्ये परतते.

ही रीत घालून दिली ती न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचे धर्मगुरू मॉन्सिन्योर फिलिप रायली यांनी. १९८९ मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ गॉड्स प्रेशस इन्फंट्स' ही संघटना स्थापन केली. पुढे तिच्या शाखा अनेक देशांत पसरल्या. इंग्रजीत या कार्यक्रमाला 'व्हिजिल' म्हणतात. सणाच्या आदल्या रात्री जागे राहून प्रार्थना करण्याची ख्रिस्ती परंपरा जुनी आहे आणि मराठीतील 'जागर' हा शब्द तिला चपखल बसतो. रायली यांनी चर्चच्या चार भिंतींमधील हा जागर रस्त्यावर आणला, आणि वादाचे मूळही नेमके तेथेच आहे.

शिकवणीचा आधार

गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवन सुरू होते आणि ते संपविण्याचा अधिकार कोणालाही नाही, ही कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका आहे. गर्भपाताचा निषेध 'डिडाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथातही आढळतो. आधुनिक काळात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी 'इव्हान्जेलियम विते' हे परिपत्रक प्रसिद्ध करून गर्भपात आणि दयामरण या दोहोंविरुद्ध चर्चची भूमिका सविस्तर मांडली. जीवनाच्या रक्षणासाठी जगभर प्रार्थना व्हावी, असे आवाहनही त्यात होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २७ नोव्हेंबर २०१० रोजी रोममध्ये जन्मास येणाऱ्या सर्व जीवांसाठी जागर केला आणि जगभरातील बिशपांनी आपापल्या धर्मप्रांतात तसाच कार्यक्रम करावा, असे सुचविले.

या परंपरेत 'साक्ष' या शब्दाला विशेष अर्थ आहे. न्यायालयात दिली जाणारी साक्ष ती ही नव्हे. आपण ज्यावर विश्वास ठेवतो त्याच्या बाजूने, त्रास सोसूनही, सर्वांसमक्ष उभे राहणे म्हणजे साक्ष देणे. म्हणूनच ही प्रार्थना घरी किंवा चर्चमध्ये का करीत नाही, या प्रश्नाला भाविकांचे उत्तर असे असते, की ज्या ठिकाणी जीव जातो त्या ठिकाणी कोणीतरी उपस्थित असले पाहिजे. क्रूसाच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या मरियेचा दाखला ते यासाठी देतात.

शिक्षा आणि क्षमा या दोन्ही बाजू चर्चच्या शिकवणीत आहेत. धर्मनियमानुसार गर्भपात घडवून आणणाऱ्या व्यक्तीस बहिष्कृतीची शिक्षा आहे. मात्र, पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमस्वरूपी दिला. त्याआधी १९८४ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे गर्भपातानंतर दुःखात असलेल्या स्त्रियांसाठी 'प्रोजेक्ट रेचल' हा समुपदेशनाचा उपक्रम सुरू झाला होता.

'रो'च्या निकालानंतर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले. पुढच्याच वर्षी, २२ जानेवारी १९७४ रोजी, नेली ग्रे या कॅथलिक वकील महिलेच्या पुढाकाराने वॉशिंग्टनमध्ये पहिला 'मार्च फॉर लाइफ' निघाला. हा मोर्चा आजही दरवर्षी निघतो आणि त्याच्या आदल्या रात्री राजधानीतील बॅसिलिकामध्ये प्रार्थनेचा मोठा जागर होतो.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात चळवळीला आक्रमक वळण लागले. 'ऑपरेशन रेस्क्यू' या संघटनेचे कार्यकर्ते केंद्रांच्या दारात ठाण मांडून वाट अडवीत आणि अटक करवून घेत. १९९१ च्या उन्हाळ्यात कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात अशा आंदोलनात दोन हजारांहून अधिक वेळा अटक झाली. रायली यांचा जागर हा या पद्धतीला पर्याय होता. दार अडवायचे नाही, आरडाओरडा करायचा नाही, केवळ प्रार्थना करायची, असा त्याचा दंडक होता.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे टेक्सासमधील 'फॉर्टी डेज फॉर लाइफ'. २००४ च्या शरद ऋतूत ब्रायन-कॉलेज स्टेशन या जुळ्या शहरांत 'प्लॅन्ड पेरेंटहूड'च्या केंद्रासमोर स्थानिक कार्यकर्त्यांनी सलग चाळीस दिवस, चोवीस तास पाळीपाळीने प्रार्थना केली. चाळीस ही संख्या येशूच्या अरण्यातील उपवासाशी निगडित आहे. प्रार्थना व उपवास, अखंड जागर आणि घरोघरी संपर्क अशी या मोहिमेची त्रिसूत्री आहे. २००७ मध्ये ती एकाच वेळी ८९ शहरांत राबविण्यात आली. त्यानंतर ती वर्षातून दोनदा, उपवासकाळात आणि शरद ऋतूत, होऊ लागली. मोहीम सर्व ख्रिस्ती पंथांसाठी खुली असली, तरी तिच्यात कॅथलिकांचा सहभाग मोठा आहे. सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला शांततेच्या प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षरी करावी लागते.

ब्रायन येथील केंद्राच्या संचालक ॲबी जॉन्सन यांनी २००९ मध्ये नोकरी सोडून चळवळीत प्रवेश केला, तेव्हा या मोहिमेला देशव्यापी प्रसिद्धी मिळाली. २०१३ मध्ये ते केंद्र बंद पडले आणि पुढे त्याच इमारतीत 'फॉर्टी डेज फॉर लाइफ'चे मुख्यालय आले. कार्यकर्ते याला प्रार्थनेचे फळ मानतात, तर 'प्लॅन्ड पेरेंटहूड'ने केंद्र बंद करताना राज्य सरकारने केलेल्या निधीकपातीकडे बोट दाखविले होते.

फाटकाच्या आतून

याच दृश्याकडे केंद्राच्या आतून पाहिले की चित्र बदलते. केंद्रात येणारी प्रत्येक स्त्री गर्भपातासाठीच येते असे नाही. काही जणी तपासणीसाठी किंवा गर्भनिरोधनासाठी येतात, तर काहींचा हवाहवासा गर्भ वैद्यकीय कारणाने टिकू शकणार नसतो. अशा वेळी अनोळखी माणसांच्या नजरा झेलत आत जावे लागणे हीच शिक्षा वाटते, असे केंद्रचालकांचे म्हणणे आहे. समोरचा गट मूक असला, तरी त्याचे तेथे असणे हाच एक संदेश असतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणूनच अनेक केंद्रांनी स्त्रियांना दारापर्यंत सोबत करणारे स्वयंसेवक नेमले आहेत.

गर्भपातानंतर स्त्रियांना पश्चात्ताप होतो, हा प्रो-लाइफ चळवळीचा एक प्रमुख दावा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी 'टर्नअवे स्टडी' या दीर्घकालीन अभ्यासात सुमारे एक हजार स्त्रियांचा पाच वर्षे मागोवा घेतला. गर्भपात केलेल्या ९५ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी आपला निर्णय योग्य होता असे सांगितल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. निदर्शकांमुळे काही स्त्रिया अस्वस्थ झाल्या, मात्र आठवडाभरानंतरच्या त्यांच्या भावनांवर त्याचा परिणाम दिसला नाही, असेही याच संशोधकांना आढळले. दुसरीकडे, फाटकावरच्या संभाषणानंतर माघारी फिरलेल्या आणि पुढे मूल घेऊन भेटायला आलेल्या स्त्रियांच्या आठवणी कार्यकर्ते आवर्जून सांगतात.

हिंसेची छाया आणि बोस्टनचा धडा

या शांत जागरावर हिंसेची छाया सतत राहिली. मार्च १९९३ मध्ये फ्लोरिडातील पेन्साकोला येथे डॉ. डेव्हिड गन यांची केंद्राबाहेर हत्या झाली. दुसऱ्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने केंद्रांची वाट अडविणे आणि धमकावणे हा केंद्रीय गुन्हा ठरविणारा 'फेस' कायदा केला. तरीही, ३० डिसेंबर १९९४ रोजी बोस्टनलगतच्या ब्रुकलाइन येथे एका बंदूकधाऱ्याने दोन केंद्रांवर गोळीबार केला आणि स्वागतकक्षातील दोन तरुण महिला कर्मचारी ठार झाल्या.

बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी या घटनेनंतर केंद्रांबाहेरचे जागर काही काळ थांबविण्याचे आवाहन भाविकांना केले. न्यूयॉर्कचे कार्डिनल जॉन ओ'कॉनर यांनी मात्र तसे करण्यास नकार दिला. शांततापूर्ण प्रार्थनेचा हिंसेशी संबंध जोडणे त्यांना मान्य नव्हते. एकाच चर्चमधील दोन ज्येष्ठ धर्मगुरूंनी एकाच घटनेतून दोन वेगळे निष्कर्ष काढले.

बोस्टनमध्ये यानंतर जे घडले ते अधिक अनपेक्षित होते. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन महिला नेत्या १९९५ पासून गुप्तपणे भेटू लागल्या. त्यांत एका बाजूला कॅथलिक महाधर्मप्रांताच्या प्रो-लाइफ कार्यालयाच्या संचालक होत्या, तर दुसऱ्या बाजूला राज्यातील 'प्लॅन्ड पेरेंटहूड'च्या अध्यक्ष. सुमारे साडेपाच वर्षे चाललेल्या या बैठकांची हकिकत त्यांनी २००१ च्या जानेवारीत 'बोस्टन ग्लोब'मध्ये संयुक्त लेखाद्वारे प्रसिद्ध केली. सहापैकी एकीचेही मत बदलले नव्हते. मात्र, परस्परांविषयी वापरायचे शब्द बदलले होते. हिंसेचे समर्थन करणारा व्हर्जिनियातील एक जहाल कार्यकर्ता बोस्टनला येण्याच्या बेतात होता, तेव्हा प्रो-लाइफ बाजूनेच त्याला 'येऊ नका' असे पत्र पाठविले.

किती फुटांवर प्रार्थना?

अमेरिकेत पदपथ ही भाषणस्वातंत्र्याची पारंपरिक जागा मानली जाते. त्यामुळे केंद्राभोवती अंतर आखणारे कायदे वारंवार न्यायालयात गेले. कोलोरॅडो राज्यातील कायद्यानुसार केंद्राच्या शंभर फुटांच्या आत संमतीशिवाय एखाद्या व्यक्तीच्या आठ फुटांपेक्षा जवळ जाऊन पत्रक देणे किंवा समजावणे निषिद्ध होते. २००० मध्ये 'हिल विरुद्ध कोलोरॅडो' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. याउलट, मॅसॅच्युसेट्सचा पस्तीस फुटांचा निर्बंध २०१४ मध्ये 'मॅककलन विरुद्ध कोकली' खटल्यात एकमताने रद्द झाला. त्यातील मुख्य याचिकाकर्त्या एलेनॉर मॅककलन या सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. त्या बोस्टनच्या पदपथावर स्त्रियांशी सौम्यपणे बोलत असत. वाट अडविणाऱ्यांवर कारवाई करण्याचे इतर मार्ग असताना संवाद साधू पाहणाऱ्यांना सार्वजनिक पदपथावरून हटविणे योग्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. 'हिल'चा निकाल फिरविण्याची मागणी करणारी याचिका फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने दाखल करून घेतली नाही.

'फेस' कायद्याच्या अंमलबजावणीतही राजकारण आले. या कायद्याखाली दोषी ठरलेल्या २३ गर्भपातविरोधी कार्यकर्त्यांना राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये माफी दिली. यातील अनेकांवर केंद्रात शिरून वाट अडविल्याचे आरोप होते. पदपथावर उभे राहून केलेल्या प्रार्थनेचा हा मुद्दा नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ब्रिटनची वेगळी वाट

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. पश्चिम लंडनमधील ईलिंग येथील केंद्रासमोर कॅथलिक कार्यकर्त्यांचे जागर अनेक वर्षे चालू होते. एप्रिल २०१८ मध्ये तेथील नगर परिषदेने देशातील पहिले प्रतिबंधित क्षेत्र जाहीर केले आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने ते कायम ठेवले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ चा कायदा ३१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार केंद्रापासून १५० मीटरच्या आत कोणाच्याही निर्णयावर प्रभाव टाकणे, वाट अडविणे किंवा त्रास होईल असे वागणे हा गुन्हा आहे. स्कॉटलंडमध्ये हे अंतर २०० मीटर असून तेथील कायदा सप्टेंबर २०२४ मध्ये अमलात आला.

खरा पेच आहे तो मूक प्रार्थनेचा. ओठही न हलविता मनातल्या मनात केलेल्या प्रार्थनेने कोणावर प्रभाव पडतो का? मूक प्रार्थनेला या कायद्यातून वगळावे, अशी दुरुस्ती मार्च २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेत फेटाळली गेली. बर्मिंगहॅममध्ये डिसेंबर २०२२ मध्ये स्थानिक आदेशाखाली अशाच प्रार्थनेवरून अटक झालेल्या एका महिलेची फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. पोलिसांनी २०२४ मध्ये तिला १३ हजार पौंडांची भरपाई दिली. याउलट, बोर्नमथ येथील केंद्राजवळ प्रार्थना करणाऱ्या एका माजी सैनिकाला ऑक्टोबर २०२४ मध्ये दोषी ठरविण्यात आले आणि त्याच्यावर नऊ हजार पौंडांचा खर्च लादण्यात आला. या प्रकरणाचा उल्लेख अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिक येथील भाषणात केला.

फाटकानंतरचे काम

'जन्माला घाला म्हणता, पण पुढे काय?' हा प्रश्न या चळवळीला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न चर्चने काही प्रमाणात केला आहे. कार्डिनल ओ'कॉनर यांनी १९८४ मध्ये जाहीर केले, की अडचणीत असलेली कोणतीही गर्भवती स्त्री, तिचा धर्म कोणताही असो, न्यूयॉर्कच्या महाधर्मप्रांताकडे मदत मागू शकते. त्यांनीच १९९१ मध्ये 'सिस्टर्स ऑफ लाइफ' हा साध्वींचा संघ स्थापन केला. या साध्वी गर्भवती स्त्रियांना निवारा देतात आणि बाळंतपणानंतरही साह्य करतात. अमेरिकी बिशपांच्या परिषदेने मार्च २०२० मध्ये 'वॉकिंग विथ मॉम्स इन नीड' हा उपक्रम सुरू करून, प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या परिसरात गरजू मातांसाठी कोणत्या सोयी आहेत याची पाहणी करावी, असे सुचविले.

भारतात आणि महाराष्ट्रात

भारतातील वैद्यकीय गर्भपात कायदा १० ऑगस्ट १९७१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरते आणि ठरावीक गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळ निर्णय देऊ शकते. या मुदतीचा प्रश्न ऐरणीवर आणण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. गर्भाच्या हृदयात दोष आढळलेल्या एका मुंबईकर दाम्पत्याची याचिका ऑगस्ट २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली होती. तेव्हा मुदत वीस आठवडेच होती.

कॅथलिक गटांनी १० ऑगस्ट २०२१ रोजी, कायद्याला पन्नास वर्षे झाल्याच्या दिवशी, शोकदिन पाळला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला नवी दिल्लीत 'मार्च फॉर लाइफ' निघाला. मात्र, भारतात गर्भपाताचा प्रश्न अमेरिकेसारखा एखाद्या केंद्राच्या फाटकाशी येऊन थांबत नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील अंदाजानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातील बहुसंख्य रुग्णालयाबाहेर, गोळ्यांच्या साह्याने झाले.

महाराष्ट्रात या विषयाची गल्लत आणखी एका चळवळीशी होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तरीही, शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरली. मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपाताला कॅथलिक चर्च आणि स्त्रीवादी संघटना या दोहोंचाही विरोध आहे. पण स्त्रीवादी संघटनांचा आक्षेप लिंगनिवडीला आहे, कायदेशीर गर्भपाताच्या हक्काला नाही. चर्चला गर्भपातच अमान्य आहे.

फाटक ओस पडताना

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी 'डॉब्ज' खटल्यात 'रो'चा निकाल रद्द केला. अनेक राज्यांत केंद्रे बंद झाली आणि जागर करणाऱ्यांसमोरचे फाटकच नाहीसे झाले. इलिनॉयसारख्या राज्यांतील केंद्रांकडे शेजारच्या राज्यांतील स्त्रिया जाऊ लागल्या आणि त्यांच्यामागून कार्यकर्तेही तेथे पोहोचले. दरम्यान, उपचाराचे स्वरूपही बदलले. 'गटमाकर इन्स्टिट्यूट'च्या माहितीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेच्या औपचारिक आरोग्यव्यवस्थेतील ६३ टक्के गर्भपात गोळ्यांनी झाले आणि त्यातील काही गोळ्या टपालाने घरपोच गेल्या होत्या. ज्या निर्णयाला एकेकाळी दार, पदपथ आणि साक्षीदार होते, तो आता वाढत्या प्रमाणात घराच्या आत घेतला जात आहे. अंतर किती फुटांचे असावे यावर न्यायालयांत झालेल्या वादाला तेथे जागा नाही. तेथे पोहोचायचे तर त्या स्त्रीनेच दार उघडून कोणाला आत बोलवावे लागेल.